गादीवरची पसाभर ज्वारी

आमच्या गावच्या चर्चची मागची भिंत आणि माझ्या स्वयंपाकघराची भिंत एकच. तिकडं रविवारी तेलुगूत गाणं सुरू झालं की इकडं माझ्या फळीवरचे डबे थरथरतात. मी काही त्या चर्चची नाही. आमचं घर विहाराचं, पौर्णिमेला पांढरं लुगडं नेसून वंदनेला जाणारं. पण इतकी वर्षं एका भिंतीला पाठ लावून राहिल्यावर कोण कुठलं हे फारसं उरत नाही बघा. त्यांच्या लग्नांत मी पोळ्या लाटल्या. माझे मालक गेले तेव्हा खुर्च्या त्यांनी आणून टाकल्या, आणि कोणी न सांगता तीन दिवस चहाचं पातेलं त्यांच्याच चुलीवरून येत राहिलं.

चर्चच्या पाळकाला इथं सगळे अय्यगारू म्हणतात आणि त्यांच्या बायकोला अम्मगारू. तेलुगूतली रीत आहे ती, आम्हा मराठी माणसांच्या तोंडीही तीच बसली. अय्यगारू दिवसभर मोटारसायकलवर, आज इंद्रवेल्लीकडं, उद्या आणखी कुठं. अम्मगारू शाळेत शिकवायला जायच्या. मग दिवसा चर्चमध्ये कोण? कोणीच नाही. म्हणून त्या लोखंडी कपाटाची चावी माझ्या दारामागच्या खिळ्याला आली.

कपाटाचं सांगते. आदिलाबादचा मोठा दवाखाना आमच्या गावाहून बसनं तासाभरावर. दवाखान्यात माणूस असतो तोवर सगळी धावपळ असते, भेटायला गर्दी असते. खरं दुखणं सुरू होतं ते डॉक्टरनं "आता घरी न्या, सेवा करा" म्हटल्यावर. सेवा कशावर करायची? घरात एक बाज, तीही मधून झोळ आलेली. तर चर्चच्या बायकांनी काय केलं, रोज स्वयंपाकाला बसताना तांदळातली एक मूठ बाजूला काढायची, आणि रविवारी ती पिशवी चर्चमध्ये न्यायची. असं वर्षानुवर्षं. त्या मुठीमुठीतून कपाट भरलं. चाकाची खुर्ची आली, कुबड्या आल्या, वाफेचं मशीन आलं, अंथरुणात वापरायचं भांडं आलं, मधे भोक असलेली खुर्ची आली. आणि सगळ्यांत शेवटी आली हवेची गादी. ती एकच होती. तिला एक छोटी मोटर, ती घूंघूं करत गादीतली हवा इकडून तिकडं खेळवते, म्हणजे पडून राहिलेल्या माणसाची पाठ सोलत नाही.

ज्याला लागेल त्यानं न्यायची. हिंदू असो, मुसलमान असो, गोंड असो, कोणाचाही असो. अर्ज नाही, दरख्वास्त नाही. परत देताना धुऊन, वाळवून द्यायची, एवढंच.

पण आपल्या लोकांना रिकामं भांडं परत देता येत नाही ना! शेजारणीकडून ताक आणलं तर तो तांब्या आपण रिकामा पाठवतो का? निदान गुळाचा खडा तरी टाकतो. तसं या कपाटाचं झालं. कोणी सांगितलं नव्हतं. चाकाची खुर्ची परत आली ती सीटवर नारळ घेऊन. कुबड्या आल्या त्यांना हरभऱ्याची पेंडी बांधून. अम्मगारू ते सगळं ठेवून घ्यायच्या आणि पुढचा माणूस वस्तू न्यायला आला की त्याच्या हातावर ठेवायच्या. म्हणजे वस्तू भरली यायची आणि भरली जायची. एकदा एका म्हाताऱ्यानं ते अंथरुणातलं भांडं परत आणलं. चकचकीत घासलेलं, आणि आत एवढी पिवळीजर्द लिंबं! आता ती लिंबं कोण घेणार? अम्मगारू तोंडाला पदर लावून नुसत्या हसत होत्या. म्हातारा बिचारा म्हणतो, "काऊन हसता? माह्या झाडाची हायेत, गोड निंबं." शेवटी मीच घेतली. लोणचं घातलं. कोणाला सांगितलं नाही कुठली लिंबं ते. सगळ्यांनी चाटून-पुसून खाल्लं.

आणखी एक कायदा होता, तो माझा होता. कोणाच्या घरी जाऊन वस्तू परत मागायची नाही. आजारी माणूस अजून अंथरुणात आणि आपण दारात उभं राहून म्हणायचं, झालं का तुमचं? यमाच्या आधी आपण पोचल्यासारखं होतं ते. हा कायदा मी सगळ्यांना ऐकवायची. आणि तो मोडला तो मीच.

माझी एक सोबतीण होती. आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून. शेतकऱ्याच्या घरातली, घरचं कापसाचं आणि ज्वारीचं वावर. आम्ही दोघी एका वर्षी लग्न होऊन या गावात आलो. मी मजुरीला तिच्या सासऱ्याच्या वावरात जायची आणि ती घरची सून असून माझ्याच ओळीला कापूस वेचायची. सासूनं हटकलं तर म्हणायची, "मले एकटीले करमत नाही." तिच्या घरात पहिल्यांदा मला पाणी ओट्यावर मिळालं होतं, वरून ओतून. दुसऱ्या वर्षी तिनं स्वतः मला आत नेऊन चुलीपुढं बसवलं. त्यावर तिला काय ऐकावं लागलं ते तिनं मला कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ते सगळं जुनं झालं. म्हाताऱ्या झाल्यावर आमचं भांडण फक्त एकाच गोष्टीवरून व्हायचं, कोणाची ज्वारी पांढरी आणि कोणाची किडकी.

पोळ्यानंतर तिला लकवा मारला. उजवं अंग गेलं. बोलणं थोडं जड झालं, पण थांबलं नाही. तिचं थांबणार तरी कसं! दवाखान्यातून आणली त्याच दिवशी मी आणि अम्मगारूंनी तिच्या बाजेवर हवेची गादी अंथरली, मोटर लावली. ती डोळे मोठे करून ऐकत राहिली.

"हे काय वो? खाली मांजर घुरघुरते."

"मांजरच हाये. तुले उंदीर समजून राह्यली."

"मग मांजरीले सांग, बुढीचं मांस चिवट हाये."

चर्चमध्ये दर गुरुवारी एक नर्सबाई यायची, आदिलाबादहून. ज्यांच्या घरी कपाटातली वस्तू असेल त्या घरांची यादी अम्मगारू तिला द्यायच्या आणि ती घरोघरी जाऊन बघायची. तिनं माझ्या सोबतिणीची पाठ बघितली, टाचा बघितल्या. म्हणाली, गादी आहे तोवर काळजी नाही, आणि गादी नसेल तर दर दोन तासांनी कूस बदलायची, चुकवायचं नाही. हे तिनं माझ्या देखत सांगितलं. मी ऐकलं. हे मी लिहून ठेवते आहे, कारण पुढं मला कोणी म्हणालं, तुम्हाला काय माहीत होतं, तुम्ही काय डॉक्टर आहात? तर मला माहीत होतं.

दिवाळी झाली. कापूस फुटला, सगळं गाव वावरात. एका संध्याकाळी कापसानं भरलेल्या ट्रॅक्टरवर बसून बायका परत येत होत्या, त्यात खालच्या आळीतली एक तरुण सून वरून पडली. पाठीचा कणा गेला. कमरेखाली काही कळेना. तिला तीन वर्षांची मुलगी. महिनाभर दवाखान्यात ठेवून तिला घरी पाठवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिची सासू माझ्या दारात.

"माय, ते हवेची गादी देता का? डाक्टरनं सांगतलं, गादी पायजेच."

मी म्हटलं, एकच आहे आणि ती दिलेली आहे.

ती तिथंच उंबऱ्यावर बसली. मग हळूच म्हणाली, "तिची पाठ आताच लाल झाली हो. दवाखान्यातूनच घेऊन आली. मले दिसते ते, तिले नाई दिसत. तिले काही समजतच नाई तिथं." आणि रडायला लागली. आवाज न करता, नुसते खांदे हलत होते.

आता मला सांगा, मी काय करायचं होतं? आज मला ठाऊक आहे काय करायचं होतं. अम्मगारू शाळेतून येईपर्यंत थांबायचं होतं. आदिलाबादजवळच्या मावला गावच्या चर्चमध्ये अशीच गादी होती, अम्मगारूंनी तिथं फोन केला असता, दोन-चार दिवसांत ती आली असती. पण मी थांबणारी बाई नाही. मला वाटलं, चावी माझ्याकडं आहे म्हणजे अक्कलही माझ्याकडंच आहे.

मी उठले आणि सोबतिणीकडं गेले. घरात ती एकटीच होती. मुलगा-सून वावरात. मी तिच्या बाजेवर बसले, इकडचं तिकडचं बोलले, आणि मग त्या पोरीचं सांगितलं. गादीचं नाव काढलं नाही. पण तिला काय कळत नव्हतं? पन्नास वर्षं ती माझं तोंड वाचत आली होती.

"मंग ने ना गादी," ती म्हणाली. "बुढीले काय करायची हवा? मी आता बरी होऊन राह्यली. पाय बी हालते थोडासा. पाह्य." पाय काही हलला नाही. दोघींनीही हलला असं धरलं.

मी म्हटलं, "दर दोन तासाले मी येतो. मी तुही कूस बदलतो. पाठ लाल बी नाई होऊ देत."

"तू येशीन म्हनूनच देऊन राह्यली. मले मांजरीपेक्षा तू बरी. निदान बोलते तरी."

मी तिला कुशीवर वळवून वळवून तिच्या अंगाखालून ती गादी काढली. मोटर बंद केली तेव्हा घर एकदम गप्प झालं. मी घडी घालत होते तेव्हा ती म्हणाली, "थांब वो. रिकामी नको नेऊ. सून येईन सांजच्याले, तिले सांगतो ज्वारी काढाले."

"राहू दे. बरी झाली की देजो."

"रिकामी नको नेऊ म्हनते ना."

मी ऐकलं नाही. त्या पोरीची सासू माझ्या उंबऱ्यावर बसली होती.

घरी आल्यावर मला भीती वाटली. पोरीच्या आधी ती गादी अम्मगारूंना दाखवावी लागणार, त्या पुसून, मोटर तपासून मगच पुढं देत. आणि त्या विचारणार, परत कशी आली? मी मागून आणली हे कोणत्या तोंडानं सांगू? गावभर मीच कायदा सांगत फिरणारी. मग मी काय केलं, माझ्याच डब्यातली पसाभर ज्वारी काढली, स्वच्छ फडक्यात बांधली आणि त्या घडी केलेल्या गादीवर ठेवली.

अम्मगारू दुपारी जेवायच्या सुट्टीत आल्या. गादी बघितली, ज्वारी बघितली आणि त्यांचा चेहरा असा उजळला! "बरी झाली का ती अम्मा?" मी म्हटलं, "हो. चालायला लागेल आता." एवढंच बोलले मी. त्यांनी डोळे मिटून "स्तोत्रम्", म्हणजे देवाची स्तुती असो, असं म्हटलं आणि ज्वारी तशीच उचलून त्या पोरीच्या सासूच्या पदरात घातली. संध्याकाळ व्हायच्या आत ती पोर गादीवर होती.

त्या रविवारी भिंतीपलीकडून मी ऐकलं. अय्यगारू तेलुगूत प्रार्थना करत होते, मध्येच मराठीत म्हणाले, आमच्या शेजारच्या आजीबाई अंथरुणातून उठल्या, त्यांच्यासाठी आम्ही तुझे आभार मानतो. सगळ्यांनी आमेन म्हटलं. माझे डबे थरथरले. मी भाकरी थापत होते, ती करपली.

आणि गुरुवारच्या यादीतून तिचं नाव निघालं. नर्सबाई तिच्या दारावरून पुढं गेली.

मी मात्र जायची, खोटं नाही सांगत. नातीनं माझ्या फोनमध्ये दोन-दोन तासांची घंटी लावून दिली होती. सकाळी सातपासून. घंटी झाली की मी हातातलं काम टाकून निघायची. तिला वळवायची, पाठीला खोबरेल लावायची, टाचेखाली लुगड्याची घडी ठेवायची. ती मला चिडवायची.

"तुह्या फोनपेक्षा आमच्या बैलाच्या गळ्यातली घंटी बरी वाजते."

किंवा, "पालथी घाल आता, तळून काढ दुसऱ्या अंगानं."

रात्री मुलगा-सून बघायचे. पंधरा-सोळा दिवस असे गेले. पाठ चांगली होती. मला वाटायला लागलं, साधलं मला. दोघी वाचल्या. एक गादीवर, एक माझ्या हातावर.

मग किनवटहून लेकीचा निरोप आला. तिच्या सुनेला बाळ झालं, बारशाला या. मला पणती झाली हो! मी नाचतच गेले. जाताना सोबतिणीच्या सुनेला सांगितलं, मी चार दिवस नाही, दुपारचं तेवढं बघ. ती हो म्हणाली. ती काय म्हणणार? कापूस वेचणीला बाया मिळत नव्हत्या, ढग येत होते, बोंडं भिजली असती. सकाळी वळवून जायची, संध्याकाळी येऊन वळवायची. मधले आठ-नऊ तास म्हातारी एकाच कुशीवर. अम्मगारूंना मी सांगून गेले असते तर चर्चच्या बायकांनी पाळ्या लावल्या असत्या. त्यांना सवय आहे, असं कितीदा केलंय त्यांनी. माझी नुसती "मी जातेय, तिच्याकडं बघा" म्हणायची देर होती. पण ते म्हटलं असतं तर विचारलं असतं, ती तर चालते ना?

म्हणून मी नाही सांगितलं. यासाठी. एवढ्याशासाठी.

चार दिवसांनी आले ती पिशवी न ठेवता तिच्याकडंच गेले. बारशाच्या घुगऱ्या आणि लाडू होते हातात. ती म्हणाली, "आली का पनजी! दाखव लाडू." मी तिला वळवली. माकडहाडाशी कातडी निघाली होती. बोरापेक्षा थोडी मोठी जागा, आणि कडेनं काळी. वास येत होता.

"काऊन गप झाली?" ती म्हणाली. "काय हाये तिकडं? मले तं काही दुखत नाई."

मी तिथून उठले ते थेट शाळेत गेले. वर्गाच्या दारात उभी राहून अम्मगारूंना बाहेर बोलावलं आणि व्हरांड्यात सगळं सांगितलं. मागून आणल्याचं, ज्वारी माझ्या घरची असल्याचं, चालायला लागेल म्हटल्याचं. पोरं खिडकीतून बघत होती. मला वाटलं त्या रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हातातला खडू खिडकीत ठेवला. मग म्हणाल्या, "पाणी उकळायला ठेवा. मीठ टाका. मी आले."

त्या दिवसापासून ते चर्च जणू तिच्या अंगणात येऊन बसलं. अय्यगारूंनी नर्सबाईला फोन केला, ती गुरुवारची वाट न बघता आली. बायकांनी पाळ्या लावल्या, दिवसाच्या आणि रात्रीच्या. एक कोलाम आदिवासी बाई तर दोन कोस चालत यायची, तिला मराठी येत नव्हतं आणि सोबतिणीला तिची भाषा येत नव्हती, तरी दोघी तासन् तास बोलायच्या. मावल्याहून दुसरी हवेची गादी आली, बसच्या टपावर बांधून. अय्यगारूंनी स्वतः उतरवून खांद्यावर आणली. पण जखम आत गेली होती. नर्सबाई मला बाहेर नेऊन म्हणाली, वरून दिसते त्याच्या तिप्पट आत आहे. आदिलाबादला नेली, आठ दिवस ठेवली, ताप उतरेना. मग तीच मुलाला म्हणाली, मला घरी ने.

घरी आल्यावर मी तिला ज्वारीचं सांगितलं. सगळ्यांना सांगून झालं होतं, तिलाच सांगायचं राहिलं होतं. ती ऐकत होती, डोळे अर्धे मिटलेले.

"माह्या नावानं ज्वारी देल्ली तू?"

"हो."

"तुह्या डब्यातली?"

"हो वो."

"बाप्पा! किडकी असंन ती. गावात माही इज्जत घालवली." आणि हसली. हसताना तिला ढास लागली. मी पाणी पाजलं. मग म्हणाली, "मी म्हनत होती ना तुले, रिकामी नको नेऊ."

मी तिची कूस बदलली.

त्यानंतर ती सुनेकडून कापूस मागून घ्यायची, बोंडातून काढलेला, सरकीसकट. मी गेले की तो पांघरुणाखाली लपवायची. मला वाटलं, म्हातारीला नुसता हाताला चाळा. तापात माणूस काहीही करतं. तिच्या ओठाला सरकीचं साल चिकटलेलं असायचं, मी पुसून टाकायची. एकदा विचारलं, कापूस खाते का? तर म्हणाली, "हो. बैलावानी."

ती सकाळी गेली, नऊच्या घंटीच्या आधी. मी पोचले तेव्हा कोलाम बाई तिचे पाय सरळ करत होती. तिच्या घरच्या रीतीनं सगळं झालं. चर्चच्या माणसांनी लाकडं वाहिली, आमच्या विहाराच्या पोरांनी पाणी भरलं. कोणी मला काही म्हणालं नाही. मुलगा माझ्या पाया पडला, "मावशी, तुमी लय केलं" म्हणाला. मी त्याला थांबवून सांगितलं, मी काय केलं ते. तो म्हणाला, "मायनं सांगतलं मले. तिनंच म्हनलं, मावशीले काही बोलायचं नाई." मग तो चपला शोधत बसला बराच वेळ. चपला त्याच्या पायातच होत्या.

चावी मी अम्मगारूंच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी उठून बघते तर ती परत माझ्या खिळ्याला. त्यांनी कधी आणून लावली कळलं नाही. 

तेरावं झाल्यावर सोबतिणीची सून मावल्याची गादी परत घेऊन आली. धुतलेली, उन्हात वाळवलेली. चर्चमध्ये गेलेल्या नाताळचा कागदी तारा उतरवून सोडवायचं चाललं होतं, कामट्या पसरल्या होत्या, त्यातून वाट काढत ती आली. गादीच्या घडीवर दोन चुंबळी ठेवलेल्या. डोक्यावर घागर घेताना खाली ठेवतो ना, तसल्या, पण छोट्या आणि मऊ, पांढऱ्या धोतराच्या कापडाच्या.

"आत्यानं करून ठेवल्या," सून म्हणाली. "कापूस तिनंच काढला. एका हातानं सरकी निघत नव्हती, तं दातात धरून काढे. मी फक्त शिवल्या. म्हने, टाचेखाली ठेवाले होतीन कोनाले बी." मग म्हणाली, "म्हने, एक ह्या गादीची. आन् एक पयल्या गादीची, ते रिकामी गेली होती म्हून."

अम्मगारूंनी त्या हातात घेतल्या आणि माझ्याकडं दिल्या. रीतच आहे, परत आलेलं पुढच्याला द्यायचं.

खालच्या आळीतली ती पोर अजून पहिल्या गादीवरच आहे. तिची पाठ बरी झाली. पाय नाहीत आले, येणार नाहीत म्हणतात. पण बसती करतात आता तिला, मुलीची वेणी घालते, भाजी निवडते. गादी कोणाच्या खालून आली हे तिला ठाऊक नाही. मी तिच्या टाचांखाली त्या चुंबळी ठेवल्या.

"किती मऊ हायेत," ती म्हणाली. खरं तर तिच्या टाचांना काही कळत नाही. तिनं हातात घेऊन गालाला लावून बघितल्या होत्या. "कोनं केल्या, आजी?"

"माह्या सोबतिणीनं."

"तिले सांगा, लय चांगल्या झाल्या म्हना."

मी हो म्हटलं.

फोनमधली घंटी मी अजून काढायला सांगितली नाही. नात दोनदा म्हणाली, आजी, बंद करू का? मी म्हटलं, राहू दे. ती वाजली की मी निघते, खालच्या आळीला जाते. दाराशी चप्पल काढते, पोरीच्या कमरेखाली हात घालते.

"आजी, मोटर चालू हाये ना. काऊन त्रास घेता? गादी हाये तं वळवायची गरज नाई म्हने."

"नाई ना गरज," मी म्हणते. "वळ."